अठरा पूर्ण

सेजल जन्मली ती वाटेत. पोलादपूरहून आंबेनळीकडे जाणारा रस्ता सोडून आत चढत गेलं की वरची वाडी लागते. तिथून तिच्या आईला डोलीत घालून खाली आणत होते, पण ओढ्याजवळ पोचेपर्यंत पोर बाहेर आलं. रडलं नाही. बायकांनी पाठ चोळली, उलटं धरलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं बारीकसा आवाज निघाला. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचे हातपाय आखडलेलेच राहिले. मान धरायला वर्षं गेली. जीभ वळेना. डोकं मात्र शाबूत होतं, पण ते कळायला लोकांना फार वेळ लागला आणि काहींना अजूनही कळलेलं नाही.

तिचा बाप येसाजी डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी लावायचा आणि ओढ्यापलीकडे थोडं भात. सेजल आठ वर्षांची असताना तिची आई काविळीनं गेली. वर्षभर येसाजीनं एकट्यानं रेटलं. पोरीला पाठीला बांधून शेतावर न्यायचा, बांधावरच्या आंब्याखाली घोंगडीवर निजवायचा आणि दर दोन काकऱ्यांनी येऊन बघून जायचा. एकदा आला तर तिच्या डोळ्यांच्या कडांना मुंग्या लागलेल्या. ती ओरडलीही असेल, पण तिचं ओरडणं दहा हातांपलीकडे जात नसे. त्या दिवशी त्यानं काम टाकलं आणि तिला उचलून महाडला आणलं.

महाडच्या बाहेर एक निवासी संस्था होती. ज्यांना बसवावं लागतं, भरवावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते अशी मुलं तिथे राहत. येसाजीनं सेजलला तिथल्या पलंगावर ठेवलं, दाराबाहेर आला आणि तिथेच उभा राहिला. पुढे पाय उचलेना. शेवटी बनुबाई नावाच्या मावशींनी त्याला आत बोलावलं. बनुबाई बिरवाडीच्या, नवरा लवकर गेलेला, मूल नाही. त्यांनी सेजलला उठवून आपल्या छातीला टेकवून बसवलं होतं. हनुवटी खाली दाबून धरलेली. बोटभर मऊ भात जिभेवर ठेवायचा, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा घास.

“हिला आडवी ठेवून कुणी भरवायचं नाय,” बनुबाई म्हणाल्या. “भात श्वासात जातो. ध्यानात ठेवा.”

येसाजीनं ध्यानात ठेवलं आणि वाडीला परतला.

सेजल तिथेच वाढली. भिंतीवरच्या तक्त्यांवरून वाचायला शिकली. बोलायलाही लागली, पण एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा वर आणावा लागे. ज्यांना सवय होती त्यांना कळायचं. येसाजी बाजाराच्या दिवशी यायचा, कधी करवंदं कुस्करून आणायचा, कधी पिकलं केळं. शेजारी बसून वाडीतली हकिकत सांगायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोरगं मुंबईला गेलं. सेजल हसायची. एकंदरीत तिचं बरं चाललं होतं. भीती म्हणजे काय हे तिला माहीत होतं, पण ती अंधाराची, विजेची, सुईची. अशी भीती येते आणि जाते.

जी भीती आली आणि गेली नाही ती आम्रपालीमुळे आली.

आम्रपाली शेजारच्या पलंगावर असायची. तिला बोलता येत नव्हतं, पण हसू असं मोठं की बाहेर अंगणातल्या माणसाला कळावं. सेजलहून दोनेक वर्षांनी मोठी. तिला अठरा पूर्ण झाली तशी तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या बायकांच्या संस्थेत पाठवलं. नवा फ्रॉक घातला, डोक्याला तेल लावलं, गाडीत बसवलं. सगळ्या मुलांना व्हरांड्यात आणून हात हलवायला लावले. आम्रपाली हसत गेली.

काही महिन्यांनी दुपारी सेजलची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी उन्हात लावली होती. आत दोघी भाजी निवडत होत्या. सेजलसमोर माणसं काहीही बोलत, मांजरासमोर बोलावं तसं.

“आम्रपाली गेली म्हणे.”

“आँ? कशानं गं?”

“जेवताना ठसका लागला. छातीत भरलं. चार दिवसांत आटोपलं.”

“देवा रे.”

मग कुणीतरी नळ सोडला.

सेजल रडली नाही. पण त्या संध्याकाळी तिचा घसा घास आत घेईना. बनुबाईंनी हनुवटी धरली, पाठ चोळली, गाणं म्हटलं, तरी नाही. रात्री ती छताकडे बघत राहिली. आम्रपालीला कुणीतरी आडवी ठेवून भरवलं असणार, हे तिला त्या स्वयंपाकघरातल्या बायकांपेक्षा आधी कळलं होतं.

त्यानंतर ती बनुबाईंना अधूनमधून विचारू लागली, “मी... किती?”

“सोळा गो.”

पुढच्या वर्षी परत, “मी किती?”

“लहान हायस अजून,” बनुबाई म्हणायच्या आणि दुसरीकडे बघायच्या. वाढदिवसाला तिथे शिरा व्हायचा. सतराव्याला सेजलनं तोंड उघडलं नाही.

अठरावं सरायला आलं तेव्हा अधीक्षक मॅडमनी येसाजीला बोलावून घेतलं. सेजलची खुर्चीही तिथेच, कपाटाजवळ होती. मॅडम तरुण होत्या, वाईट नव्हत्या. त्यांनी येसाजीला चहा दिला आणि बराच वेळ पाऊसपाण्याचं विचारलं. मग म्हणाल्या, “काका, आमची संस्था मुलांची आहे. अठरा पूर्ण झाल्यावर ठेवायची परवानगी नाही. मी मुदतवाढ मागितली होती. दोनदा मागितली. नाही मिळाली.”

“पण मॅडम, ती वाढली कुठं हाय?” येसाजी म्हणाला. “आजूनबी दोन हातांत मावते.”

“मला दिसतंय हो. पण वर विचारतात ते वय विचारतात.”

“मग आता?”

“मोठ्यांच्या संस्थेत जागा आहे. किंवा तुम्ही घरी नेऊ शकता. आधी संस्था बघून या. मग ठरवू.”

घाबरली की सेजलचं अंग लाकडासारखं ताठ होई. पाय सरळ, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, हात मागे. ती तशीच झाली आणि खुर्चीवरून घसरू लागली. येसाजी आणि मॅडम दोघंही धावले. तिला सावरलं, पट्टा घट्ट केला. “उन्हानं होतंय,” मॅडम म्हणाल्या आणि पंखा वाढवला. सेजलला म्हणायचं होतं, तिकडे नको. ‘ति’ म्हणेपर्यंत बोलणं दुसऱ्या विषयावर गेलं होतं.

संस्थेच्या गाडीतून ते तिघं गेले. येसाजी, सेजल आणि सुटी टाकून आलेल्या बनुबाई. घाट चढून, पुढे सपाट माळ लागून, सकाळी निघालेले दुपारी पोचले. मोठी इमारत, फिनेलचा वास. एका लांब दालनात दोन्ही भिंतींना पलंग आणि मधल्या जागेत गाद्या. उवा झाल्या म्हणून बहुतेक बायकांचे केस कापलेले होते, त्यामुळे सगळ्या एकमेकींच्या बहिणींसारख्या दिसत होत्या. एक म्हातारी सारखी टाळ्या वाजवत होती. एकीनं सेजलच्या खुर्चीचं चाक धरलं आणि सोडेना.

काम करणारी मुलगी आली, पंचविशीची, घामानं भिजलेली. तिनं बनुबाईंना विचारलं, “हिला कळतं का काही?”

“तिलाच विचारा की,” बनुबाई म्हणाल्या.

मुलगी हसली, पण थांबली नाही. जेवणाची वेळ होती. दालनात भरवायला ती आणि आणखी एक अशा दोघीच होत्या, आणि ताटं भरलेली. एका पलंगावरून दुसऱ्या पलंगावर, चमचा तोच, हात तेच. ज्यांना बसता येत होतं त्या आपापल्या हातानं खात होत्या. ज्यांना येत नव्हतं त्यांना उशी थोडी वर सरकवून भरवलं जात होतं. उशी खाली घसरे. घास चालूच राहत.

सेजल डोळे मिटू शकली असती. पण तिनं मिटले नाहीत.

पलीकडच्या भिंतीशी एकीला ठसका लागला. कोरडा, मग ओला, मग नुसताच घुसमटलेला. ती मुलगी ताट टाकून धावली, तिला वळवली, पाठीत धपाधप मारलं. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. दालनातल्या बाकीच्या बायकांनी तिकडे वळूनही बघितलं नव्हतं. येसाजीच्या लक्षात आलं की आपल्या पोरीच्या खुर्चीखाली पाण्याचं थारोळं झालंय.

बनुबाई तिला बदलायला घेऊन गेल्या. येसाजी उभा राहिला. ती मुलगी जवळून जाताना त्यानं विचारलं, “बाय, आमच्या महाडची एक पोर इथं आलेली. आम्रपाली. कुठं निजायची?”

मुलीनं खिडकीजवळचा पलंग दाखवला. त्यावर आता दुसरीच कुणी होती. “चांगली होती हो,” ती म्हणाली. “सारखी हसायची. त्या दिवशी मी एकटीच होते, काका. दुसरी आजारी होती. मी एकटीच होते.” ती ताटं उचलून निघून गेली.

बाहेर गाडीशी आल्यावर येसाजी म्हणाला, “घरी नेतो.”

“घरी कोण करणार हिचं?” बनुबाईंनी आवाज खाली आणला. “भरवणं तुम्हाला जमंल. न्हाणं? महिन्याची अडचण? पोर आता पोर नाय राहिली, येसाजीभाऊ.”

“मी करीन.”

“तुम्ही बाप हाय.”

सेजल दोघांच्या मध्ये होती, तिची मान आपोआप एका बाजूला वळलेली, आणि लाज कुठे ठेवावी ते तिला कळत नव्हतं. “शेजारी शकू हाय,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या चुलतभावाची बायको. तिला पाया पडून सांगंन.”

मे महिन्याच्या शेवटी सेजल वाडीला आली. रस्ता संपतो तिथून डोली केली. तरणी पोरं सगळी मुंबईला, म्हणून खांद्याला लागले ते येसाजीच्याच वयाचे, आणि प्रत्येक वळणावर टेकायला थांबत होते. घर आधीसारखंच होतं. पुढे पडवी, आत माजघर, मागे गोठा आणि गोठ्यामागे लगेच डोंगर. जन्मल्यापासून सगळे त्या डोंगराच्या पायाशी निजत आले होते. पण तळीये गावावर दरड कोसळली त्या वर्षापासून वाडीतली माणसं त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागली होती. म्हातारे हसण्यावारी न्यायचे, आणि पावसात रात्री उठून बॅटरी मारून बघूनही यायचे.

शकू सकाळी येऊन न्हाऊ घालायची. हात राकट, तोंड त्याहून राकट. “काय गो, बाई झालीस की तू,” म्हणत खसाखसा पाठ चोळायची. सेजलला पहिल्या दिवशी रडू आलं, दुसऱ्या दिवशी आलं नाही. येसाजी बसवून, हनुवटी धरून, बनुबाईंनी शिकवल्याप्रमाणे भरवायचा. घास गिळेपर्यंत तो स्वतःचा श्वास रोखून धरायचा.

मग तो शेतावर जायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

संस्थेत कधी एकटेपण नव्हतं. कुणी ना कुणी किंचाळत असे, हसत असे, मावशी ओरडत असत. इथे कौलांवर ऊन सरकायचं एवढंच. माशी ओठावर बसली तर बसली. एका दुपारी माजघराच्या वाशांवरून काहीतरी लांब, पिवळसर हळूहळू सरकत आलं आणि बरोबर तिच्या वर थांबलं. सेजल त्याच्याकडे बघत राहिली. ते तिच्याकडे बघतंय की नाही ते कळत नव्हतं. ओरडून उपयोग नव्हता, आणि ओरडलं तर ते खाली पडेल असं वाटत होतं. तिन्हीसांजेला येसाजी आला तेव्हाही ते तिथेच होतं.

“धामण हाय, बाय,” तो हसला. “उंदरं खाते. काय करत नाय.” मग त्यानं तिच्या अंगाला हात लावला. अंग फळीसारखं झालं होतं, दातांनी ओठ फुटला होता. त्याचं हसणं तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची खाट पडवीत आणली, म्हणजे निदान येणारं-जाणारं माणूस दिसेल.

जुलैत पाऊस लागून राहिला. डोंगर पाण्यानं फुगला. पोलीस पाटील दारोदार येऊन सांगून गेले, रातीला शाळेत चला, वरून निरोप हाय. काही घरं गेली. काहींनी म्हटलं, उद्या बघू. येसाजीची लावणी अर्धी राहिली होती. त्या सकाळी पाऊस जरा उघडला तसा तो म्हणाला, “ओढ्यापल्याडची रोपं कुजायला लागलीत. दुपारपर्यंत येतो. मग शाळेत जाऊ या.”

सेजलला म्हणायचं होतं, जाऊ नको. तिनं “बाबा” एवढं म्हटलं. त्यानं ते निरोपासारखं घेतलं आणि डोक्यावर इरलं ठेवून गेला.

तो ओढा ओलांडून गेल्यावर थोड्या वेळानं पाऊस असा कोसळला की पडवीतून अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. ओढ्याचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता दगड एकमेकांवर आपटल्याचे जड आवाज येऊ लागले. मग माणसांचे आवाज. पोलीस पाटील ओरडत होते, “वरच्या शेतात भेग पडलीय! निघा, निघा, हाय तसे निघा!” पावलं, शेळ्या, भांड्यांचा खणखणाट, एका बाळाचं रडणं. सगळं तिच्या अंगणापुढून गेलं. सेजल ओरडली. पावसात तो आवाज तिला स्वतःलाही नीट ऐकू आला नाही. प्रत्येकाला वाटलं, येसाजीनं आपली पोर कधीच नेली असणार. शकूलाही तेच वाटलं. ती आपल्या सासूला पाठीवर घेऊन धावत होती.

मग पावलं थांबली. वाडीत कुणी उरलं नाही.

माजघरातून पाणी पडवीत येऊ लागलं. ते कौलांतून गळलेलं नव्हतं, भिंतीच्या बुडातून येत होतं, आणि लाल होतं, दाट. कुठूनतरी खोलातून गुरगुरल्यासारखं वाजत होतं. ते कानांनी ऐकू येण्याआधी खाटेच्या दोरखंडातून पाठीला लागत होतं. सेजलचं अंग आखडलं. पाठ वर उचलली गेली, पाय ताठ झाले, खाट हलली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे असं झालं की आपण घसरतो. खुर्चीवरून कितीदा घसरलो होतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी धरलं होतं. आता धरणारं कुणी नव्हतं. आता घसरायचंच होतं.

ती खाटेच्या कडेवरून खाली आली ती तोंडावर. दात ओठात घुसले, नाकात चिखल गेला. ठसका लागला. मान वळवेपर्यंत तिला वाटलं, आम्रपालीसारखं झालं. मग एकदाची मान वळली, श्वास आला. ती लोळली. लोळणं तिला येत नव्हतं, नुसतं एका कुशीवर जाऊन परत उलटं पडणं येत होतं. पडवीला उतार होता, तो कामाला आला. पायरीवरून ती अंगणात पडली आणि तिथे पाण्यानं तिला थोडी पुढे ढकलली. तुळशीच्या दगडाला अडकून ती थांबली. पाऊस थेट तोंडावर पडत होता. डोळे उघडे ठेवता येत नव्हते. ती मोठ्यानं काहीतरी म्हणत होती. नंतर विचारलं तर तिला आठवेना, काय ते.

शाळेत पोचल्यावर शकूनं सासूला भिंतीशी बसवलं, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, “येसाजीभावोजींची पोर कुठं हाय?”

माणसं उठून वर्गाच्या कोपऱ्यांत बघायला लागली.

“अरे, पोर कुठं हाय त्यांची?”

तिचा नवरा श्रीपत म्हणाला, “आता जाऊ नको.” पण ती निघाली होती, म्हणून तोही निघाला. दोघं अंगणात आले तेव्हा शकूला आधी वाटलं, कुणाचं तरी गोणपाट पडलंय. मग त्या गोणपाटानं डोळे उघडले. “आगो माझे बाय,” म्हणत शकूनं तिला काखेत धरलं, श्रीपतनं पाय उचलले, आणि दोघं घसरत, पडत, तिला आपटत, खाली पळाले. शाळेचं आवार लागलं तेव्हा मागे आवाज झाला. आभाळ फाटल्यासारखा नव्हता तो. एखादी मोठी गाडी रिकामी करावी तसा, लांबलचक. वळून बघितलं तर येसाजीच्या घराच्या मागल्या बाजूला डोंगर येऊन बसला होता. गोठा नव्हता, माजघर नव्हतं. पडवीचे खांब तेवढे उभे, वाकडे, आणि त्यांच्यामध्ये खाटेच्या जागी माती.

हे सगळं ओढ्यापलीकडून येसाजीनं बघितलं. पाणी छातीच्या वर चढलेलं, दोनदा आत शिरला आणि दोनदा पाण्यानं त्याला परत काठावर फेकला. आपलं घर मातीत जाताना तो बघत होता आणि पोर आत आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पलीकडचे लोक त्याला हात करून काहीतरी सांगत होते, पण पावसात शब्द पोचत नव्हते. त्यानं त्यांच्या हातवाऱ्यांचा अर्थ उलटाच घेतला. दिवस कलता कलता ओढा उतरला. लोकांनी दोर टाकून त्याला अलीकडे घेतला. तो शाळेपर्यंत चालत आला, आणि पायरीवर बसून राहिला. आत जायला तयार होईना.

“आत जा की,” शकू म्हणाली. “पोर वाट बघतेय.”

तिनं काय म्हटलं ते कळायला त्याला वेळ लागला. मग तो उठला. दाराच्या चौकटीला धरून आत गेला. सेजल पोत्यांवर निजली होती, तोंड सुजलेलं. त्यानं तिच्याजवळ बसून तिचे हात, पाय, डोकं चाचपलं, जनावर चाचपावं तसं. मग तिला उठवून छातीला टेकवली आणि तसाच बसून राहिला. भरवायला काही नव्हतं, तरी त्याचा हात तिच्या हनुवटीखाली होता.

वाडीतलं कुणी गेलं नाही. ढोरं गेली. लोक म्हणाले, देव पावला. सेजलला तसं काही वाटलं नाही. तिला पुढचे कित्येक दिवस डोळे मिटले की पाठीखाली गुरगुर लागायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि बनुबाई आल्या. हातात काठी, पायात रबरी चपला. शाळेच्या वर्गात येऊन सेजलच्या शेजारी धाप टाकत बसल्या. “मला पण घरी बसवलं गो,” त्या म्हणाल्या. “साठ झाली. जूनला शेवटचा पगार. म्हटलं, ह्यांना वयाचंच काय एवढं.” मग येसाजीकडे वळल्या. “बिरवाडीला चला. माझी खोली हाय, शेजारची रिकामी हाय. कारखान्यातली पोरं भाड्यानं राहतात तिथं, गडबड असते. पण डोंगर लांब हाय.”

“तुमचं वय झालंय, बनुबाई,” येसाजी म्हणाला. “किती दिवस उचलाल?”

“जेवढे दिवस उचलंल तेवढे.”

“आणि मग?”

दोघंही सेजलकडे बघायला लागले. तिला हे नवं होतं. कुणी तिच्या डोक्यावरून बोलत नव्हतं, वाट बघत होतं. तिनं जीभ गोळा केली. बराच वेळ गेला. “जा... ऊ,” ती म्हणाली.

आता ते बिरवाडीत राहतात. येसाजी औद्योगिक वसाहतीतल्या एका रोपवाटिकेत कामाला आहे. मातीचंच काम आहे म्हणून त्याला जमतं, पण कुंडीतलं झाड त्याला अजून झाड वाटत नाही. शेत शकू आणि श्रीपतच्या हाती दिलंय. दिवसा बनुबाई असतात. त्यांच्या गुडघ्याला तेल लावायचं काम येसाजीचं आणि त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही तो पेपर वाचायचं काम सेजलचं. एक बातमी वाचायला सकाळ जाते. बनुबाईंना घाई नसते.

भीती गेलेली नाही. बनुबाई खोकल्या की सेजलचे पाय ताठ होतात. येसाजीला यायला उशीर झाला की ती दाराकडे बघत राहते आणि पाणीसुद्धा गिळत नाही. पाऊस जोरात आला तर खाट भिंतीपासून ओढायला लावते, जिथे मागे डोंगर नाही तिथेही.

गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी अधीक्षक मॅडमचा निरोप घेऊन एक बाई आली. महाड तालुक्यातल्याच एका गावची. तिची मुलगी अंकिता संस्थेत होती, दिवाळीच्या आसपास तिला अठरा पूर्ण होत होती. मुलीलाही तिनं आणलं होतं. तिला पोटाशी धरून ती दारातच उभी राहिली, आत यायचं धाडस होईना.

“मॅडम म्हणाल्या, इथं विचारून बघा,” ती बनुबाईंना म्हणाली. “मी जवळ खोली घेईन. तुम्हाला जड होणार नाय. मी पण हाताला लागंन, दोघींचं मिळून करू. मला तिकडं पाठवायची नाय हो तिला. मी बघून आले.”

बनुबाईंनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि येसाजीच्या रिकाम्या खाटेकडे बघितलं. दोन पोरी, एक म्हातारी आणि ही घाबरलेली बाई.

अंकिताला सेजल ओळखत होती, पण फारशी नाही. ती पलीकडच्या दालनात असायची. आता तिची बोटं आईच्या पदरात अडकलेली होती, पाठ ताणलेली, पाय सरळ. सेजलला दुसऱ्या कुणाचं अंग असं झालेलं इतक्या जवळून बघायची सवय नव्हती.

“मला... पण,” सेजल म्हणाली.

सगळ्या थांबल्या.

“भ्या... वाटतं,” ती म्हणाली. बनुबाईंनी पाणी द्यायला हात पुढे केला, तर तिनं मान बाजूला नेली, कारण अजून एक शब्द राहिला होता आणि पाणी घेतलं असतं तर तो खाली गेला असता. अंकिताची आई दारात वाट बघत उभी होती. बाहेर पाळीवरून सुटलेली पोरं सायकलींच्या घंट्या वाजवत गेली.

“ये,” सेजल म्हणाली.